वाचक विचारतात: घरातली वाइन-चीज मैफल आणि देणगी

घरी चौदा-पंधरा माणसं बोलवायची, वाइन आणि चीज थोडं थोडं चाखायचं आणि त्या निमित्ताने एखाद्या संस्थेला निधी द्यायचा, याबद्दल मराठवाड्यातून बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक या वेळी घेतले आहेत.

ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहासाठी निधी जमवायचा आहे. माणशी २,००० रुपयांची प्रवेशिका ठेवली तर चालेल का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. ग्लास हातात देऊन पैसे घेतले की ती विक्री झाली, आणि विनापरवाना विक्री हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. प्रवेशिकेवर ‘देणगी’ असं छापल्याने काही बदलत नाही. वाइन, चीज, बर्फ हा सगळा खर्च यजमानांनी उचलावा. ज्याला द्यायचं त्याने संस्थेच्या खात्यात थेट यूपीआयने किंवा धनादेशाने द्यावं, पावती संस्थेने द्यावी. एक रुपयाही न देणाऱ्याला तितकाच ग्लास मिळतोय ना, एवढं तपासा. मिळत असेल तर तुमची मांडणी बरोबर आहे.

पैसे यजमानांच्या खात्यात गोळा करून मग पुढे पाठवणं टाळाच. हिशेबाची कटकट होते आणि करसवलतीची पावती भलत्याच नावाने निघते. रोखीत २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत नाहीच. पाहुण्यांना हे आधी सांगा.

वाइन विकत न देता नुसती पाजायची असली तरी परवान्याचा विषय संपत नाही. जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात पंधरा दिवस आधी जा. किती माणसं, कुठे, किती वाजता हे सांगून एक दिवसाच्या परवान्याचं विचारून घ्या. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं. बाटल्या परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिल घरात ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी हे कोरडे दिवस. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही तसेच. मार्गशीर्षातले गुरुवार कायद्याने कोरडे नसले तरी निम्मे पाहुणे येणार नाहीत.

तिकीट विकून लकी ड्रॉ काढू नका, ती लॉटरी होते. लिलाव करायचा तर पैठणीचा दुपट्टा किंवा हिमरूची शाल ठेवा. बाटलीचा लिलाव म्हणजे पुन्हा विक्रीच.

आणि या सगळ्याआधी संस्थेला विचारा. दारूच्या कार्यक्रमातून आलेला पैसा नको म्हणणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये दारूने काय होतं हे वसतिगृह चालवणाऱ्यांना रोज दिसतं. त्यांनी नको म्हटलं तर कार्यक्रम चहा-चीजचा करा. तोही चांगला होतो, पुढे त्याबद्दल लिहिलं आहे.

चौदा जणांसाठी किती सामान आणायचं? (वाचक, लातूर)

पाच वाइन, पाच चीज. याहून जास्त ठेवलं तर चौथ्यानंतर कुणालाच फरक कळत नाही.

चाखायला ५० मिलिलिटर पुरतं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून चौदा जणांना ७०० जातात, उरलेलं यजमानाने आधी चाखून बाटली बिघडली नाही ना हे पाहायला. म्हणजे प्रत्येक वाइनची एकच बाटली. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन बहुधा ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत येते, तीही एक बस्स, कारण गोड वाइन माणशी २५ मिलिलिटरच द्यायची. स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन) आणि रेडची एकेक बाटली जास्तीची ठेवा.

चीज प्रत्येक प्रकारचं माणशी २५ ग्रॅम, म्हणजे ३५० ग्रॅम. साल आणि चुरा धरून ४०० घ्या. निळ्या बुरशीचं ब्लू चीज तीव्र असतं, ते २५० ग्रॅम पुरे. ग्लास माणशी दोन, एकूण २८. केटररकडे भाड्याने मिळतात. घरी आणल्यावर गरम पाण्याने धुऊन घ्या, साबणाचा अंश राहिला की स्पार्कलिंगचे बुडबुडे टिकत नाहीत. पाण्याचा २० लिटरचा एक जार, बर्फ ६ किलो, आणि दर दोघांत एक स्टीलचा तांब्या. हा तांब्या उरलेली वाइन ओतायला किंवा तोंडातली थुंकायला. पाहुणे लाजतील, म्हणून पहिल्यांदा यजमानाने ओतून दाखवावं.

संध्याकाळी खोलीत उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको आणि स्वयंपाकघरात फोडणी तर मुळीच नको. वास घ्यायचा कार्यक्रम आहे.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे मार्चमध्येच पारा ३८ वर जातो. (वाचक, नांदेड)

ती ‘रूम’ युरोपातली, तीही जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. नांदेडच्या दिवाणखान्यात ठेवलेली रेड ३० अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोलची वाफ नाकात झोंबते, फळाचा वास दबतो आणि वाइन उकडल्यासारखी लागते. मग पाहुणे म्हणतात, देशी वाइन काही खरी नाही. बहुतेक वेळा वाइन ठीक असते, उन्हाळा आडवा आलेला असतो.

३० अंशांच्या खोलीतली रेड फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवली की १७ च्या आसपास येते. व्हाइट ८ ते १० अंशांना द्यायची, तिला चार तास लागतात. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना, ती आदल्या रात्रीच ठेवा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते म्हणून बाटली हळू गार होते. पाणी घातलं की बाटलीला सगळीकडून गारवा लागतो आणि मिठाने ते पाणी शून्याखाली जातं. २० ते ३० मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरण्याचे प्रकार फार होतात. वाइन गोठून फुगते आणि बूच वर येतं किंवा काच तडकते.

रेड जास्त गार झाली तरी बिघाडच. १० अंशांना तिचा तुरटपणा टोचतो आणि वास बंद होतो. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. एका वेळी एकच वाइन ओता आणि बाटली लगेच बादलीत परत ठेवा, कारण ग्लासातले ५० मिलिलिटर झपाट्याने तापतात.

दुकानातून आणताना गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तर ती बाटली तापलेली आहे, घेऊ नका. आणि शक्यतो हा कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीतच करा.

चीज शाकाहारी असतं का? कोणत्या वाइनबरोबर कोणतं? (वाचक, जालना)

दूध फाडायला रेनेट लागतं. परंपरेने ते वासराच्या जठरातून काढतात. इटलीचं पार्मेजानो रेज्जानो आजही त्याच रेनेटने करावं लागतं, तसा त्यांचा नियमच आहे. भारतात बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असतं. वेष्टनावर हिरवा ठिपका पाहा आणि चीज मांडलेल्या पाटीवर प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवा. माळकरी पाहुण्याने विचारण्याआधी सांगणं बरं. वाइन गाळतानाही काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

जोड्या आणि क्रम असा ठेवा: स्पार्कलिंगबरोबर मऊ ब्री, सोव्हिन्यों ब्लां या व्हाइटबरोबर शेळीच्या दुधाचं चीज, शेनिन ब्लां या दुसऱ्या व्हाइटबरोबर गौडा चीज, शिराझ या रेडबरोबर मुरलेलं चेडार, शेवटी लेट हार्वेस्टबरोबर ब्लू. खारट आणि गोड एकमेकांना सावरतात, म्हणून शेवटची जोडी बहुतेकांना आवडते. रेड आणि ब्री एकत्र देऊ नका, तुरटपणा आणि मऊ साय मिळून तोंडात धातूसारखी चव येते. वाइन सगळ्या नाशिकच्या घेण्यापेक्षा एक अकलूजकडची घ्या, तिथे सांजोव्हेजेसारखी द्राक्षाची इटालियन जात लावलेली आहे. तुलना करायला काहीतरी मिळतं.

डब्यातल्या प्रोसेस्ड चीजच्या वड्या इथे कामाच्या नाहीत. सगळ्यांची चव सारखी आणि मिठाळ. चांगलं चीज पुण्या-मुंबईहून मागवावं लागेल. रात्रीच्या बसने, थर्माकोलच्या खोक्यात जेल पॅक घालून, आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पोचेल असं. फ्रिजमध्ये बटर पेपरात गुंडाळून लसूण-कांद्यापासून लांब ठेवा. वाढण्यापूर्वी वीस मिनिटं बाहेर काढा. पुस्तकात तास लिहिलेला असतो, पण आपल्याकडे तासाभरात ब्री वाहायला लागतं.

बरोबर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली तर? (वाचक, धाराशिव)

ज्वारीची कडक भाकरी जरूर ठेवा, विकतच्या क्रॅकरपेक्षा कितीतरी चांगली. पातळ थापलेली, मीठ कमी, तीळ न लावलेली. दहा भाकरी मोडून पुरतात. चटणी आणि ठेचा मात्र नको, अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं आणि पुढच्या दोन वाइन वाया जातात. मोसंबीही नको, तिच्या आंबटपणापुढे वाइन पाणचट लागते. पेरू, बेदाणे, अंजीर, थोडा मध चालेल.

न पिणाऱ्यांचं काय? (वाचक, बीड)

सरबत देऊन त्यांना कोपऱ्यात बसवू नका. साखर न घातलेला कोरा चहा थंड करून द्या. त्यातही रेड वाइनसारखाच तुरटपणा असतो, चेडारबरोबर झकास लागतो. ब्रीबरोबर साधा सोडा, ब्लूबरोबर काळ्या द्राक्षांचा रस.

स्पार्कलिंगची बाटली उघडताना निम्मी सांडली. (वाचक, परभणी)

बाटली गार नव्हती किंवा हललेली होती. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. तारेचं कडं सहा अर्धे फेरे फिरवून सैल करा, पण काढू नका. बुचावर अंगठा ठेवा, बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. हळूच फुस्स झालं की जमलं. तोंड माणसांकडे किंवा ट्यूबलाइटकडे नको.

एवढंसं प्यायल्यावर गाडी चालवता येईल का? (वाचक, हिंगोली)

नाही. पाचही ग्लास मिळून माणशी २२५ मिलिलिटर होतात, म्हणजे बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. रक्तातली कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे आणि ती यात सहज ओलांडली जाते. कोण कुणाला सोडणार हे बोलावतानाच ठरवा आणि न पिणाऱ्यांपैकी दोघांना विचारून ठेवा. निघण्याआधी वरण-भात वाढा.