घरी सुचतं, मग कारखान्यात का नाही?

"वय झालं की डोकं चालेनासं होतं का हो?" चाळिशी ओलांडलेली बरीच माणसं माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. यंदा तो घेऊन आले वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यातले सुपरवायझर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय ४६. मालकांचा मुलगा शिकून परत आला आणि त्याने सोमवारची मीटिंग सुरू केली. प्रत्येकाने एक नवी आयडिया सांगायची, सगळ्यात चांगलीला रोख बक्षीस. "पोरां धडाधड बोलतत. माका कायच सुचणा नाय. डोक्या गंजला माझा."

अशा तक्रारीत आधी झोप, भूक आणि मनाची उदासी विचारून घ्यायची असते. कधी कधी 'सुचत नाही'च्या मागे नैराश्य असतं, कधी थायरॉइड, आणि तिथे डॉक्टरच लागतात. यांचं तसं काही नव्हतं. म्हणून मी विचारलं, घरी अलीकडे काय अडलं होतं?

पाऊस लवकर उतरला आणि कोकमाची सोलं सुकायची राहिली, हे अडलं होतं. मग त्यांनी मागीलदारी पडलेला बंद फ्रिज पुसून घेतला. तळाला दोन बल्ब लावले. एलईडी तापत नाहीत, म्हणून जुने शंभर वॅटचे पिवळे बल्ब शोधून आणले. वर वाफ जायला भोक पाडलं, जाळ्यांवर सोलं पसरली आणि रोज रात्री वरची जाळी खाली, खालची वर केली. आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारट रसाचा, हात फिरवून पुन्हा सुकवायचं तेही त्यातच. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. मी थांबवून थांबवून तपशील काढून घेतला, तेव्हा वैतागून म्हणाले, "त्याका काय आयडिया म्हणतत? ता अडलेला म्हणान केलंय."

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९४५ साली इंग्रजीत छापून आला. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं समोर ठेवायचं. मेण टेबलावर सांडणार नाही अशी मेणबत्ती भिंतीवर लावून दाखवायची. उत्तर सोपं आहे: खोकं रिकामं करा, भिंतीला टोचा, त्यात मेणबत्ती उभी करा. पण खोकं म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की माणसं अडकतात. या गृहस्थांनी गार करायच्या यंत्रात ऊब कोंडणारी पेटी पाहिली होती, म्हणजे डुंकरचं कोडं मागीलदारीच सोडवलं होतं. वयाचं म्हणाल, तर पुढच्या संशोधनात सहा-सात वर्षांची मुलंसुद्धा अशी अडकलेली दिसली. पाच वर्षांची मात्र नाही. तेव्हा दोष ४६ला देण्यात अर्थ नाही.

मग कारखान्यात काय होतं? १९६२ साली सॅम ग्लक्सबर्ग यांनी याच कोड्याला पैशाचं बक्षीस लावलं. बक्षिसाच्या आशेने सोडवणाऱ्यांना सरासरी सुमारे साडेतीन मिनिटं जास्त लागली. टाचण्या खोक्याबाहेर काढून दिल्या, म्हणजे वाट उघड होती, तेव्हा मात्र बक्षीसवाले पुढे. सरळ रस्त्यावर बक्षीस पळवतं, आडवाट शोधायची तर नजर आखडते. त्यात सगळ्यांसमोर बोलायचं आणि लगेच निकाल! सोमवारच्या मीटिंगबद्दल माझं मत मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

मी एवढंच सुचवलं, की मीटिंग विसरा. कारखान्यात 'अडलंय' असं तुमचं तुम्हाला कुठे वाटतं, ते आठवडाभर खिशातल्या डायरीत लिहा. आयडिया लिहायची नाही, फक्त अडचण.

डायरीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती. पावसाळ्यात ड्रायरमधून निघालेला गर सकाळी साल काढायला बायकांपुढे ओततात. दुपारपर्यंत तो हवा धरतो, साल चिकटते, सुरी जोरात लावावी लागते आणि अख्खा गर कमी, तुकडा जास्त होतो. तुकड्याला भाव नाही. एका बाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, "थोडो थोडो दिया, दादा." त्यांनी ते कामाचा कंटाळा समजून सोडून दिलं होतं.

पुढे त्यांनी जे केलं ते मी सांगितलेलं नव्हतं. मासळीची थर्माकोलची पेटी कोरडी करून त्यात गर झाकून ठेवला आणि त्याच बाईंना तासातासाला थोडा थोडा काढून दिला. एकच टेबल, एकच दिवस, कुणाला न सांगता. संध्याकाळी तुकडा वेगळा तोलला. कमी भरला, पण एका दिवसावर विश्वास नको म्हणून आणखी काही दिवस ढगाळ हवा बघून तोलत राहिले. ते आकडे घेऊनच मालकांच्या मुलाकडे गेले. सोबत एक विनंती केली: आयडिया शनिवारी चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव नको, सोमवारी नुसती चर्चा करा.

पोराने चिठ्ठ्या मान्य केल्या. बक्षीस मात्र ठेवलं, त्यामुळे चिठ्ठीवर नाव लिहावंच लागतं. आमचे गृहस्थ बिननावाचीच टाकतात.