तो आल्बम फोडू नका

प्रश्न : ताई, राजापूरजवळच्या आमच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर एक जड आल्बम मिळाला. पुठ्ठ्यावर काळी चकचकीत लाख, तिच्यात शिंपल्याची आणि हस्तिदंतासारखी दिसणारी नक्षी. आत जपानी बायकांचे, देवळांचे, हातरिक्षावाल्यांचे रंगवलेले फोटो, खाली नंबर आणि इंग्रजी नावं. एका फोटोत वादळात छत्री सावरणारी बाई आहे. पणजोबा मुंबईत कापसाच्या पेढीवर कारकून होते, एवढंच घरात ठाऊक. काही पानांवर त्यांनी पेन्सिलीने मोडीत लिहिलंय. एक दलाल म्हणतो, ‘गेशांचे तेवढे कापून द्या, बाकीचे तुम्हाला ठेवा.’ या गेशाच आहेत का? आणि बुरशी आलीय, ओल्या फडक्याने पुसू का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात घाई आहे. ओलं फडकं अजिबात लावू नका. ते रंग पाण्यात कालवून हाताने भरलेले असतात, एका पुसण्यात किमोनोवरची फुलं फडक्यावर येतील. स्पिरिट नको, ऊन दाखवणंही नको. आल्बम कोरड्या, हवेशीर खोलीत आडवा ठेवा आणि बुरशी पूर्ण वाळू द्या. मग नाकातोंडाला मास्क लावून, घराबाहेर सावलीत, मऊ कोरड्या कुंचल्याने हलकेच झाडा. रंगाची खपली सुटलेली दिसली तर तिथे कुंचलाही नको.

आणि त्या दलालाला आजच नाही म्हणून कळवा.

तुमच्या वर्णनावरून हा योकोहामाचा आल्बम वाटतो. ते बंदर १८५९ साली परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना जपानची आठवण विकण्याचा धंदा उभा राहिला. फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर १८६३ मध्ये तिथे आला, त्याने हाताने रंगवलेले फोटो विकायला सुरुवात केली. कुसाकाबे किंबेई हा आधी अशाच परदेशी मालकांच्या हाताखाली फोटो रंगवायचा. १८८१ मध्ये त्याने योकोहामात स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्याचे आल्बम जगभर गेले. नंबर आणि इंग्रजी नाव निगेटिव्हच्या काचेवरच घालायची त्या काळच्या योकोहामातली रीत होती, म्हणून ती अक्षरं फोटोतच उमटलेली दिसतात.

खरेखोटेपणा पाहायला एक चांगलं भिंग पुरे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं चित्र. जाळी नसेल, पातळ चकाकीखाली कागदाचे तंतू दिसत असतील, उजळ जागा पिवळ्या पडल्या असतील आणि बारीक भेगा असतील, तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो. त्या थरात चांदीचे क्षार मुरवून, वर काचेची निगेटिव्ह दाबून, तो उन्हात उमटवायचे. रंग रेघेबाहेर जरासा गेलेला दिसला तर वाईट वाटून घेऊ नका. तिथे एका माणसाचा कुंचला फिरलाय.

आता गेशा. गेशा म्हणजे गाणं, नाच, शामिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य आणि बैठकीतलं संभाषण यांत वर्षानुवर्षं तयार झालेली कलावंत. तिच्या कमरेचा पट्टा, म्हणजे ओबी, मागे बांधलेला असतो. पुढे मोठी गाठ, डोक्यात काट्यांची आरास आणि उंच खडावा असतील तर ती ओइरान, म्हणजे परवाना असलेल्या वस्तीतली गणिका. क्योतोची शिकाऊ मुलगी, माइको, पाठीवर लांब लोंबत्या ओबीवरून ओळखू येते. पण ही ओळख स्टुडिओच्या दारात अडते. तिथे पैसे घेऊन बसलेल्या मुलीला फोटोग्राफर आज एक वेश चढवी, उद्या दुसरा, आणि विकताना परदेशी गिऱ्हाईक सगळ्यांनाच गेशा म्हणे. तुमच्या वादळातल्या बाईसारखा एक फोटो किंबेईच्या संग्रहात गाजलेला आहे. त्यातला पाऊस म्हणजे काचेवर ओढलेल्या रेघा आणि किमोनोचं उडणारं टोक ताणून धरलेलं. आपल्याकडे आषाढात छत्री उलटी झालेल्या कुणालाही ती बाई किती शांत उभी आहे ते लगेच दिसेल!

नावानिशी ठाऊक असलेल्या गेशांचे फोटोही आहेत. तोक्योतल्या असाकुसा भागात र्‍योउन्काकु नावाचा बारा मजली मनोरा १८९० मध्ये उघडला. त्याची विजेची लिफ्ट लवकरच बंद पडली. लोकांनी जिने चढावेत म्हणून १८९१ मध्ये तिथे शंभर गेशांचे फोटो लावून सौंदर्यस्पर्धा घेतली आणि येणाऱ्यांकडून मतं मागवली. ते फोटो ओगावा काझुमासाने काढले होते. मनोरा १९२३ च्या भूकंपात गेला, पण त्या बायकांचे चेहरे आणि नावं उरली. तुमच्या आल्बममधल्या मुलींची नावं कुणी लिहून ठेवली नसणार. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच त्यांना ‘गेशा’ या एका शब्दाखाली कापून विकू नये असं कळकळीने वाटतं.

कापण्याला विरोध करायला आणखी कारणं आहेत. बहुतेक आल्बमांत पानाच्या दोन्ही बाजूंना फोटो डकवलेले असतात. एक बाई कापली की मागचं देऊळ गेलं. नंबरांवरून स्टुडिओ शोधता येतो, पण सगळी पानं एकत्र असली तर. आणि ती मोडी! निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने टाटांच्या सहकार्याने १८९३ मध्ये मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसासाठी. पणजोबा त्याच धंद्यात होते. आल्बम कुणाकडून आला, कधी आला, हे त्या पेन्सिलीच्या ओळींत असू शकतं. प्रत्येक पानाचा सावलीत, फ्लॅश न वापरता मोबाइलने फोटो घ्या आणि तो मोडी वाचणाऱ्याला दाखवा. ओळखीत कुणी नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा.

विकायचाच झाला तर नक्षी आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. ती हाडाची असेल तर गोष्ट वेगळी, पण हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर पाठवण्यावरही १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत.

पुठ्ठ्याला खोबरेल चोळू नका. सावंतवाडीच्या खेळण्यांची लाख किड्यांपासून मिळते, ही जपानी लाख मात्र झाडाचा चीक. ते झाड काजू, आंबा आणि बिब्ब्याच्या कुळातलं, त्यामुळे ओला चीक अंगावर बिब्ब्यासारखाच उततो. वाळल्यावर तो कमालीचा टिकाऊ होतो, पण उन्हाने निस्तेज पडतो. आल्बम सुती कापडात गुंडाळून आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. जपानातही पावसाचा दमट मोसम असतो आणि कोरड्या हवेत पुस्तकं, गुंडाळपटं उघडून वारा देण्याची तिथे जुनी प्रथा आहे. आपण दसरा उलटून मतलई वारे सुटले की तेच करायचं : सावलीत, पान पान उघडून.

प्रश्न : गुहागरला आमचं घरगुती राहण्याचं ठिकाण आहे. मुंबईच्या चोरबाजारात होकुसाई या जपानी चित्रकाराच्या लाटेचं चित्र घेतलं. ते समुद्राकडच्या पडवीत लावायचं आहे. खरं असेल का?

उत्तर : १८३१ च्या सुमाराची मूळ प्रत असण्याची शक्यता फारच कमी. तरी चौकटीतून काढून पाहा. भिंगाखाली ठिपके असतील तर छापील पोस्टर आहे, खुशाल पडवीत लावा. ठिपके नसतील, रंग कागदाच्या पाठीपर्यंत झिरपला असेल आणि पाठीवर घासल्याच्या खुणा असतील, तर ते लाकडी ठशांनी हाताने छापलंय. मग नव्याने कोरलेल्या ठशांचं असलं तरी ते जपण्यासारखं आहे, कारण त्यात कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे हात आहेत. चित्रावर नाव एकट्या होकुसाईचं राहतं एवढंच.

असं चित्र पडवीत नको. पावसाची झड आणि खारा वारा त्याला चार महिनेही टिकू देणार नाहीत. माजघराच्या आतल्या भिंतीवर, ऊन येत नाही तिथे लावा. काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये जाड माउंट घाला, आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल चित्रापर्यंत पोचणार नाही.