चिवड्याचं पाकीट: आधी गिऱ्हाइकाचा हात बघा

प्रश्न: आम्ही पंचवटीत चौघीजणी मिळून घरगुती चिवडा करतो. चव सगळ्यांना आवडते पण तक्रार ठरलेली, पाकीट फोडताना सांडतो आणि फोडल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. आत्ता साधी पारदर्शक पिशवी सील करून देतो. मुलगी म्हणते झिपवालं चकचकीत पाऊच करू, डिझायनरने रामकुंड आणि द्राक्षांचं चित्रपण काढून दिलंय. छापायला टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, इतक्यात नका टाकू. चित्र छानच असेल, पण तुमच्या गिऱ्हाइकाने चित्राबद्दल तक्रार केलेलीच नाहीये, त्याने सांगितलंय सांडतो आणि मऊ पडतो, मग पैसे आधी तिथेच लावायला हवेत ना.

ओळखीच्या पाच-सहा घरी पाकीट द्या आणि काहीही न सांगता नुसतं बघत बसा. कुठे धरून फाडतात, कात्री शोधतात का दाताने ओढतात, उरलेला चिवडा कशात ठेवतात. बऱ्याच घरांत पाकीट फोडलं की चिवडा लगेच डब्यात जातो, तुमच्या गिऱ्हाइकांचं तसंच असेल तर झिपचे पैसे वाया, त्यापेक्षा तोंड सरळ फाटेल अशी खाच दोन्ही बाजूंनी हवी. आणि झिपचं अजून एक, तेलकट मसाला आणि शेवेचा चुरा त्या पट्टीत अडकला की ती नीट बसतच नाही. पंचवटीत दर्शनाला येऊन चिवडा गावी घेऊन जाणारे वेगळे, त्यांना बॅगेत चुरा न होणारं आणि प्रवासात एका वेळी संपणारं पाकीट लागतं, म्हणजे मोठ्या पिशवीत चार छोटी पाकिटं हा मार्ग मला जास्त पटतो. एक फोडलं तरी बाकीची तीन कुरकुरीत राहतात, तुमची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मऊ पडतो तो दमट हवेमुळे, आणि तळलेल्या शेंगदाण्यांचं तेल खवट होतं ते ऑक्सिजन आणि उजेडाने. पारदर्शक पिशवी दुकानात उजेडात टांगलेली असते, माल दिसतो खरा पण बिघडतोही लवकर. आतून चंदेरी थर असलेला पाऊच दमटपणा, हवा, उजेड तिन्ही बऱ्यापैकी अडवतो. माल दिसायलाच हवा असेल तर खिडकी छोटी ठेवा.

वयस्कर माणसांच्या हातात पाकीट देऊन बघायला विसरू नका, हे मी मुद्दाम सांगतेय. अमेरिकेत उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधं साल काढायचं सोलाणं धरवत नव्हतं, त्यातून जाड रबरी मुठीची ऑक्सो कंपनीची स्वयंपाकघरातली अवजारं १९९० साली बाजारात आली आणि धडधाकट लोकांनीही ती उचलली, कारण सगळ्यांच्याच हाताला ती बरी वाटली. ज्या आजींना तुमचं पाकीट फोडता येईल त्यांच्या नातवालाही येईलच. तारीख आणि किंमतपण त्यांना चष्मा न शोधता वाचता यावी, सोनेरीवर पांढरी अक्षरं नकोच.

छपाईचं म्हणाल तर मोठ्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, बनवावा लागतो, म्हणून ऑर्डरही हजारोंची द्यावी लागते, नंतर काही बदलायचं म्हटलं तर सगळा माल पडून. तयार कोरे चंदेरी पाऊच घ्या, त्यावर स्टिकर लावा, महिनाभर विका, लोक काय म्हणतात ते ऐका मग छापा.

स्टिकरवर तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सगळ्या करांसह किंमत, घटक पदार्थ, बॅच नंबर, बनवल्याची आणि कधीपर्यंत खायचा ती तारीख, हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नंबर आणि तक्रारीसाठी फोन हे हवंच. शेंगदाणे आहेत हे अ‍ॅलर्जीसाठी वेगळं ठळक लिहा. द्राक्षं मात्र काढून टाका ताई, चिवड्यात मनुका नसतील तर गिऱ्हाईक उगाच शोधत बसेल. रामकुंड राहू दे, गावी नेणाऱ्यांना ते आवडेल.