गुण द्यायचे तर प्रत्येक राउंड वेगळा बघ

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती असं सगळं चालणारी लढत) नुकतंच बघायला घेतलंयस ना, मग आधी एक सवय लाव. राउंड संपला की त्याचे गुण लगेच लिही आणि पुढच्या राउंडला पाटी कोरी. तिन्ही जज असंच करतात. ५ मिनिटांचा राउंड, सरस ठरणाऱ्याला १०, दुसऱ्याला बहुतेक वेळा ९. एकतर्फी मार बसला तर ८.

म्हणून तीन राउंडच्या लढतीत पहिले दोन राउंड थोडक्यात जिंकलेला तिसऱ्यात हरला, तरी २९-२८ ने जिंकतो. तिसरा १०-८ गेला तर मात्र २८-२८, बरोबरी. हे गणित नीट समजून घे, निकालांवरचे अर्धे वाद इथेच मिटतात.

आता सरस म्हणजे काय? युनिफाइड रूल्स, म्हणजे एमएमएच्या सामाईक नियमांप्रमाणे सगळ्यात आधी परिणामकारक ठोसे-लाथा आणि परिणामकारक ग्रॅपलिंग (पकडणं, पाडणं, जमिनीवरची झटापट). नुसतं पाडून वर बसून राहणं पुरेसं नाही. त्यातून मार बसला का, सबमिशनचा (पकडीत अडकवून हार मानायला लावण्याचा) खरा धोका निर्माण झाला का, हे बघ. आक्रमकता तेव्हाच मोजायची, जेव्हा यात दोघं अगदी समसमान असतील. केजवरचा (लढतीच्या जाळीबंद रिंगणावरचा) ताबा त्याच्याही नंतर. समालोचक सतत 'पुढे येतोय, पुढे येतोय' म्हणतात, त्यात वाहून जाऊ नकोस. मी तर कधीकधी आवाज बंद करूनच बघतो.

नॉकआउट, टेक्निकल नॉकआउट (पुढे लढता येत नाही म्हणून लढत थांबवणं) किंवा सबमिशन झालं की गुणांचा प्रश्नच उरत नाही. स्प्लिट डिसिजन म्हणजे दोन जज एकाकडे, तिसरा दुसऱ्याकडे.