स्कायरिममधले ड्रॅगन : दंतकथा, आख्यायिका की बखर?

प्रश्न असा आला आहे : ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये ड्रॅगनांविषयी जी माहिती विखुरलेली आहे, जिला खेळणारे ‘लोर’ म्हणतात, तिला मराठीत ‘दंतकथा’ म्हणावे का? आणि त्यातले विश्वासार्ह किती, हे सांगायला आपल्याकडे शब्द आहेत का?

‘दंतकथा’ मी टाळेन. मूळ अर्थ तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट एवढाच. पण आज ‘त्या निव्वळ दंतकथा’ म्हटले की निकाल लागलेला असतो. ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणणारा मात्र हमीही घेत नाही आणि खोडूनही काढत नाही. अमरकोशात तर ‘आख्यायिकोपलब्धार्था’ आहे, म्हणजे ठाऊक असलेल्या घटनेवर रचलेली. कल्पनेने रचलेली ती कथा. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ आख्यायिका, ‘कादंबरी’ कथा. तेव्हा सगळ्या ऐवजाला मिळून ‘आख्यायिका’च म्हणावे.

पण वाद खरा रंगतो तो एकेका पुराव्यावर. २०११ साली आलेल्या या गेममध्ये वाचायला पुस्तके आहेत, आणि त्यांना लेखक आहेत. आल्डुइन हा गेममधल्या नॉर्ड लोकांचा जगभक्षक ड्रॅगन. अकाटोश या ड्रॅगनरूपी देवाच्या पंथाचा मुख्य पुरोहित अलेक्झांद्र सिमाँ लिहितो की आल्डुइन म्हणजे नॉर्डांनी विपर्यास केलेला अकाटोशच. थ्रोमगार नावाचा नॉर्ड अशुद्ध, रांगड्या भाषेत ठणकावतो की आल्डुइन खरा आहे आणि तो अकाटोश नव्हे. अशा लेखनाला मी ‘बखर’ म्हणेन. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. बखरीला कर्ता असतो, कर्त्याला बाजू असते, आणि ती बाजू ओळखूनच बखर वाचायची असते. सिमाँची भाषा विद्वानाची, पण गेम सुरू होताच हेल्गेन गावावर आल्डुइन स्वतः आग ओकत उतरतो. निदान ‘खरा आहे’ एवढ्यापुरता रांगडा थ्रोमगार जिंकला.

कर्ता नसलेल्या बोलण्याला वेगळा शब्द आहे : ऐतिह्य. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन म्हणतो, ‘अनिर्दिष्टप्रवक्तृकं प्रवादपारम्पर्यम्’; मूळ सांगणारा कोण ते माहीत नाही, पण परंपरेने चालत आले आहे. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. ड्रॅगन ही पोराबाळांच्या गोष्टींतली चीज, असे स्कायरिममधले लोक म्हणतात ते ऐतिह्यच. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ते ज्ञानाचे वेगळे साधन (प्रमाण) मानत नाहीत, शब्दप्रमाणात, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानातच घालतात. मग प्रश्न उरतो सांगणारा ‘आप्त’, म्हणजे विश्वासार्ह, आहे का, हा.

इथे मला पार्थुरनॅक्स फार मोलाचा वाटतो. तो स्वतः ड्रॅगन, आल्डुइनचा जुना साथीदार, सगळे डोळ्यांनी पाहिलेला. वात्स्यायनाच्या मते आप्ताला दोन गोष्टी लागतात : वस्तू साक्षात जाणलेली असणे, आणि जशी पाहिली तशी सांगण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू, असेही तो म्हणतो. मग ड्रॅगनला का नाही? पहिली अट पार्थुरनॅक्स पुरी करतो. दुसरीबद्दल तोच सावध करतो, की ड्रॅगनवर विश्वास न ठेवणेच शहाणपणाचे. आल्डुइन मेला नाही, एल्डर स्क्रोल या प्राचीन, जादुई गुंडाळीच्या बळावर त्याला काळात पुढे फेकून दिले, ही त्याची साक्ष. आणि पर्वतशिखरावर ते स्क्रोल वाचल्यावर खेळणाऱ्याला तो प्रसंग दिसतो. म्हणजे त्याचे म्हणणे प्रत्यक्षाने टिकले. स्काय हेवन मंदिरातल्या ‘आल्डुइनची भिंत’ या कोरीव भिंतीचे तसे नाही. तिच्यावर ‘शाउट’ने, म्हणजे मंत्रासारख्या आरोळीने, केलेला आल्डुइनचा पराभव कोरलेला आहे, आणि एस्बर्न हा गेममधला म्हातारा अभ्यासक तो बरोबर वाचतो, पण त्या शिल्पावरून त्याला स्क्रोलचा पत्ता लागत नाही. तिला खोटी म्हणू नये, ‘अपुरी साक्ष’ म्हणावे.

राहिला मूळ शब्द. बोलताना तो तसाच वापरायला हरकत नाही, पण लिहिताना ‘लोर’ लिहावे. ‘लोअर’ लिहिले की ‘खालचा’ असा अर्थ डोळ्यांपुढे येतो.