गोव्यातल्या म्हापशाच्या बाह्यविकास आराखड्याचा (शहर आणि लगतच्या भागात कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, म्हणजे ओडीपी) मसुदा हरकतींसाठी आला, तर त्यात नेमकं काय पाहायचं?

अहवालाची जाडजूड प्रत बाजूला ठेवा, आधी नकाशे काढा. जुना जमीन-वापर नकाशा आणि नवा, दोन्ही शेजारी ठेवून आपल्या वाड्याचे सर्व्हे नंबर एकेक करून जुळवा. भाट (बागायत) किंवा शेत काल ज्या रंगात होतं, ते आज 'सेटलमेंट', म्हणजे वस्ती-बांधकामाचा विभाग, झालंय का? खरी गोम इथेच असते. खाजन (भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन), भातशेती, डोंगरउतार यांना प्रादेशिक आराखडा २०२१ (अख्ख्या राज्याचा जमीन-वापर आराखडा) मध्ये संवेदनशील विभागांत घातलं होतं. तिथला रंग बदलला असेल तर हरकत ठोकाच. भरतीच्या वेळी पाणी कुठून वाहतं हे गावच्या माणसाला कळतं, नकाशाला नाही.

मग एफएआर (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि रस्त्याची रुंदी एकत्र बघा. सहा मीटरच्या रस्त्यावर उंच इमारती दाखवल्या, तर पाणी आणि सांडपाण्याचं काय, हे लेखी विचारा.

हरकत मोघम नको: सर्व्हे नंबर, आक्षेप, कारण, सोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-कब्जाची नोंद) आणि फोटो. पोच घ्या, मुदत जाहिरातीत असते.

आणि हो, आराखडा पास झाला म्हणून झोपू नका. गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली एकेका तुकड्याचा झोन बदलण्याचे अर्ज येतात, त्यावर सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. राजपत्र चाळत राहा. लोकांनी रेटा लावल्यामुळेच २०११ सालापर्यंतसाठी केलेला प्रादेशिक आराखडा २००७ सालीच रद्द करावा लागला होता.