'पेगन'ला मराठीत काय लिहायचं?

एका ताईंनी विचारलंय, त्या गोव्यात हरमलला राहणाऱ्या एका विदेशी बाईची मुलाखत मराठीत करतायत, ती बाई स्वतःला पेगन म्हणवते, पौर्णिमेला दर्यावर जाऊन दिवा लावते, तर पेगनला मराठी शब्द काय? डिक्शनरीत 'मूर्तिपूजक', 'पाखंडी', 'धर्महीन' असं काय काय सापडलं म्हणे.

ताई, यातला एकही घेऊ नका. हे सगळे दुसऱ्याने बाहेरून मारलेले शिक्के आहेत आणि तुमची बाई तर हे नाव स्वतःहून लावून घेतेय.

मूळ शब्द लॅटिन, पागानुस. पागुस म्हणजे गावाकडचा मुलूख आणि पागानुस म्हणजे तिथला माणूस, साधा गावकरी. पुढे जो सैनिक नाही त्यालाही रोमन लोक पागानुस म्हणायला लागले आणि चौथ्या शतकाच्या सुमाराला ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द जे ख्रिस्ती नाहीत त्यांना लावला. का लावला यावर दोन मतं आहेत, कोण म्हणतात शहरं आधी ख्रिस्ती झाली आणि गावं जुने देव धरून राहिली म्हणून, कोण म्हणतात 'ख्रिस्ताच्या सैन्यात नसलेले' म्हणून. मला पहिलं जास्त पटतं कारण आपल्याकडे गावावरून गावंढळ झालंच की.

पाखंडचं तर अजून वाईट वाटतं. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, गिरनारच्या बाराव्या लेखात तो सगळ्या पासंडांचा मान करतो असं सांगतो, आणि तोच शब्द घसरत घसरत आज 'पाखंडी' म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा इथपर्यंत आलाय. पेगनसुद्धा असाच घसरला होता पण विसाव्या शतकात काही लोकांनी तो उचलून अभिमानाने लावला, पाखंडला अजून तसं कोणी उचललेलं नाही. म्हणून एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

आणि आम्हा गोंयकारांना तर हे लगेच कळायला हवं. पोर्तुगीज कागदपत्रांत आमचे पूर्वज 'जेंतिउ', म्हणजे ख्रिस्ती नसलेले. १८८० साली हिंदूंच्या चालीरीतींचा जो कायदा केला त्याच्या नावातच 'हिंदू जेंतिउ' आहे. हा शब्दही लॅटिनमधला, मूळ अर्थ कुळाचा, जमातीचा माणूस. माझी आजी स्वतःला कधी जेंतिउ म्हणाली नाही, गावच्या सातेरी देवीची म्हणायची, कागदावर मात्र तिच्या मागच्या पिढ्या जेंतिउच. म्हणून कोण स्वतःला काय म्हणतो ते आधी विचारावं असं मला मनापासून वाटतं.

आता आजचे पेगन. इंग्लंडात जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ ला रद्द झाला, मग १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक काढून आपला पंथ उघड केला, तोच पुढे विक्का म्हणून पसरला. (विक्काला चेटकीण-पंथ लिहू नका, मराठीत चेटूक म्हणजे दुसऱ्याचं वाईट करणं, आणि आपल्या देशात तो आळ घेऊन बायकांना मारलेलं आहे.) आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांची आसात्रू संस्था १९७२ ला निघाली आणि १९७३ ला सरकारी मान्यता मिळाली. ड्रुइड नावाच्या पेगन पंथाचे लोक इंग्लंडातल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळापाशी जूनमधल्या मोठ्या दिवसाचा सूर्योदय बघायला जमतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म पेगन असा लिहिला. कोणी ओडिन आणि थॉर या नॉर्स देवांना मानतं, कोणी एकच देवी, कोणी देवच मानत नाही, नुसते ऋतू पाळतात. मूर्तिपूजक म्हणून यांना कसं मोजणार?

'निसर्गपूजक' जवळचा आहे, पण सगळ्यांना पुरत नाही. मुलाखतीत 'अर्थ-बेस्ड' (इंग्रजी अर्थ, म्हणजे पृथ्वी) असंही आलंय म्हणालात, त्याला 'भूमिपूजक' सुचतं पण भूमिपूजन म्हटलं की मराठी वाचकाला बिल्डिंगचा पाया आणि नारळच दिसतो. मी 'धरित्रीपूजक' म्हणेन. आमच्या धालोत, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या उत्सवातसुद्धा, मांडावर (धालो खेळायच्या पवित्र जागेवर) बायका धरतरीलाच हाक मारतात, त्यामुळे गोव्यातल्या वाचकाला तो शब्द परका वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सातेरी, राखणदार (गावाची राखण करणारा देव), देवराई यांना मुलाखतीत 'गोव्यातले पेगन' म्हणू नका, त्या बाईने म्हटलं तर तिच्या तोंडी अवतरणात ठेवा. मोह होतो मला कळतं. सातेरीच्या देवळात वारूळ असतं, कोकणीत रोयण, ती मातीच देवी. सत्तरीत अजून अशा राई आहेत जिथली सुकी काठीसुद्धा कोण उचलत नाही. आमच्या वाड्यावर तर राखणदाराला आम्ही रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) ठेवतो आणि शेजारचे ख्रिस्तांव मेणबत्ती लावतात. वरून बघितलं तर त्या बाईच्या दिव्यासारखंच दिसेल. पण तिचं नाव पुस्तकं वाचून, शोधून, निवडून घेतलेलं आहे, तुटलेला धागा परत जोडायचा म्हणून, आणि आमच्या वाड्यावर धागा तुटलाच नाही त्यामुळे त्याला वेगळं नाव लागलंच नाही. आमचे लोक विचारलं तर 'देवाचें' एवढंच सांगतात.

तर ताई, शब्द 'पेगन'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'युरोपातले ख्रिस्तपूर्व देव आणि ऋतू मानणारे' असं वाक्यातच सांगून टाका, पुढे जिथे माती, झाडं, चंद्र यांचा विषय असेल तिथे धरित्रीपूजक. आणि इंग्रजी उच्चार पे-गन आहे, 'पॅगन' लिहू नका.